रिफ्लेक्टर उसाच्या टोकाला हवा

ऊस भरलेली ट्रॉली फाळक्याशी संपत नाही. उसाची टोकं फाळक्याच्या बरीच मागे येतात आणि रस्त्याच्या खड्ड्यांनी हिसके बसत गेले की खाली लोंबू लागतात. लाल रिफ्लेक्टर मात्र फाळक्यावर ठोकलेला, म्हणजे नेमका उसाच्या आड. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती अशा कारखान्यांचे बॉयलर पेटले की सातारा-सांगलीचे रस्ते या ट्रॉल्यांनी रात्रंदिवस भरून जातात. वाळकं पाचट उजेड गिळून टाकतं, त्यामुळे मागून येणाऱ्याला समोर काहीच दिसत नाही.

यावर सापडलेला उपाय साधा आहे: कापडी रिफ्लेक्टर. लाल जाड कापड, त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या, कोपऱ्यांना बांधायला दोऱ्या. तो ट्रॉलीला नव्हे, थेट उसावर बांधायचा. कराड तालुक्यातल्या एका फडात दिवेलागणीला तो बांधताना पाहिला. ड्रायव्हर पोरगा मोळ्यांवर चढून वरच्या दोऱ्या आवळत होता, खाली टोळीतले एक वयस्कर गडी कापड ताणून धरत होते. “आबा, आणि खाली ओढा, वाढं आडवं येतंय,” पोरगा वरून सांगत होता. खालची दोरी सैल राहिली तर कापड वाऱ्यावर पालटतं आणि पट्ट्या उसाकडे तोंड करतात. म्हणून त्यानं खालचे दोन्ही कोपरे उसाच्या कांड्यांत गुंतवून गाठ मारली. मग मोटारसायकलचा दिवा लांबून टाकून पाहिला.

असा दिवा टाकून पाहणं महत्त्वाचं, कारण रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही. त्यातले बारीक काचमणी किंवा प्रिझम आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवतात. वर धूळ, चिखल किंवा दव बसलं की ते काम मंदावतं.

दुसरी गोष्ट रुंदीची. मधोमध एकच लाल ठिपका चमकला तर पुढे मोटारसायकल चालली आहे असं वाटतं, आणि मागचा बाजूनं काढायला जातो. दोन्ही कडांना पट्ट्या असतील तर जवळ जाताना त्या एकमेकींपासून लांब सरकतात. समोर किती रुंद वाहन आहे आणि ते किती जवळ आलंय, हे डोळ्याला न सांगता कळतं. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. विचार करायला वेळच नसतो, खूण बघताक्षणी कळायला हवी.

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, तेव्हा बाजूच्या पिवळ्या रिफ्लेक्टरांना मागच्याइतकंच महत्त्व आहे. चौकात वळताना दोन ट्रॉल्यांमधली जागा अंधारात मोकळी वाटते, तिथं फक्त जोडणीचा दांडा असतो. बैलगाडीला तर दिवाही नसतो, तिला कापडाची गरज सगळ्यात जास्त.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात रिफ्लेक्टर वाटले जातात, फोटो निघतात. पण तोवर हंगाम निम्म्यावर आलेला असतो. कापड पहिल्या खेपेलाच मिळालं पाहिजे. आणि वजनकाट्यावर रिकाम्या ट्रॉलीचं वजन होतं, तिथंच कारखान्यांनी ते पुसलेलं, न फाटलेलं आहे का, हे पाहावं. नसेल तर बदलून दिल्याशिवाय ट्रॉली गेटबाहेर सोडू नये.