विश्लेषण : आईबाबांचा अमेरिका प्रवास आणि विमा, मोठ्या आकड्यामागची कोणती अट पाहायची?

रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना ४५ पैशांच्या विम्यासमोर टिक करायची आणि पुढे जायचे, हे आता अंगवळणी पडले आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, असा तो सरळ हिशेब. घोळ होतो तो हीच सवय परदेश प्रवासाच्या विम्याला लावली की. मुलगी न्यू जर्सीत, तिचे बाळंतपण तोंडावर, साठी-सत्तरीतले आईबाबा सहा महिन्यांसाठी निघालेले आणि विमा काढायचे काम पुण्यातल्या मुलाकडे. लोणची-पापडाची बॅग महिनाभर आधी भरून तयार असते; विमा मात्र आदल्या रात्री मोबाइलवर. ॲपवर तो दोनच गोष्टी पाहतो, प्रीमियम किती आणि कव्हर किती. ‘अडीच लाख डॉलर’ म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांच्या घरात, मग आणखी काय हवे? पण त्या अडीच लाखांपैकी हातात किती पडणार, हे ठरवणाऱ्या अटी ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर नसतात.

अमेरिकेला जाताना विमा सक्तीचा आहे का?

नाही. पर्यटक व्हिसावर (बी१/बी२) अमेरिकेत जाणाऱ्यांना विम्याची सक्ती नाही. युरोपातील शेंगेन देशांचे तसे नाही. तिथल्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेली, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांसाठी लागू असलेली पॉलिसी जोडावीच लागते. अर्थात दूतावासाला कागद पटला म्हणजे पॉलिसी चांगली, असे नव्हे. व्हिसापुरती घेतलेली सर्वात स्वस्त पॉलिसी आणि आजारपणात उपयोगी पडणारी पॉलिसी या बऱ्याचदा दोन वेगळ्या वस्तू असतात.

सक्ती नसली, तरी अमेरिकेत विम्यावाचून राहणे ही मोठी जोखीम आहे. १९८६च्या एका संघीय कायद्यानुसार तिथल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला, रुग्णाकडे पैसे आहेत की नाहीत हे न पाहता त्याची तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर करावी लागते. म्हणजे दारातून कोणी परत पाठवत नाही. बिल मात्र येते, तेही एक नव्हे. रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, ॲम्ब्युलन्सचे वेगळे, प्रयोगशाळेचे वेगळे. काही बिले तर आईबाबा भारतात परतल्यावर मुलीच्या पत्त्यावर येऊन पडतात.

इथे एक गैरसमज नोकरदार मुलांचा असतो. भारतातल्या अनेक कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडिलांनाही सामावून घेता येते, त्यामुळे अमेरिकेतल्या कंपनीचा विमाही तसाच असेल, असे गृहीत धरले जाते. तिथे कंपनीच्या विम्यात साधारणपणे जोडीदार आणि मुले येतात. पाहुणे म्हणून आलेले आईवडील नाहीत. इथली नेहमीची मेडिक्लेमही सहसा भारताच्या हद्दीपुरतीच चालते.

कव्हर अडीच लाख डॉलरचे, मग पैसे कमी का मिळतात?

याचे उत्तर एका शब्दात आहे, सब-लिमिट. म्हणजे एकूण रकमेच्या पोटात प्रत्येक खर्चाला घातलेली वेगळी मर्यादा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक परदेश प्रवास पॉलिसींमध्ये ठरावीक वयानंतर, बऱ्याचदा साठीनंतर, ती आपोआप लागू होते. खोलीभाडे दिवसाला इतके, आयसीयू इतके, शस्त्रक्रियेला इतके, भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेच्या रकमेच्या इतके टक्के. तिशीतल्या मुलाने स्वतःसाठी घेतलेल्या त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या पॉलिसीत ही मर्यादा नसते. त्यामुळे ‘मी मागच्या वर्षी हीच घेतली होती, चांगली आहे’ हा अनुभव आईबाबांच्या कामाचा नाही.

आकडे घेऊन पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा, ६८ वर्षांची आई बर्फावरून घसरली, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, चार दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि सगळे मिळून बिल झाले ६० हजार डॉलर. पॉलिसीतील मर्यादा अशा आहेत : खोली दिवसाला १,५०० डॉलर, शस्त्रक्रिया १० हजार, भूलतज्ज्ञ त्याच्या २५ टक्के म्हणजे २,५००, तपासण्या १,२५०. चार दिवसांच्या खोलीचे ६ हजार धरून एकूण होतात १९,७५० डॉलर. त्यातून १०० डॉलरची वजावट, म्हणजे डिडक्टिबल गेली की उरले १९,६५०. बाकीचे ४०,३५० डॉलर घरचे. डॉलरला ९० रुपये धरले तर ३६ लाखांहून अधिक.

या उदाहरणात विमा कंपनीने फसवणूक केलेली नाही, क्लेम नाकारलेला नाही, आईने काही लपवलेले नाही. अडीच लाख डॉलरचे कव्हर जसेच्या तसे शिल्लक आहे, फक्त त्याला हात लावता येत नाही. अशा मर्यादा असलेल्या पॉलिसीत कव्हर पाच लाख डॉलरचे घेतले, पण पोटातल्या मर्यादा त्याच राहिल्या, तर जादा प्रीमियम जवळपास वाया गेला. त्यापेक्षा एक लाख डॉलरची, पण सब-लिमिट नसलेली पॉलिसी या खुब्याच्या हाडासाठी जास्त कामाची ठरली असती. काही कंपन्या थोडा अधिक प्रीमियम घेऊन ही मर्यादा काढून टाकण्याचा पर्याय देतात. ॲपवर तो दिसला नाही, तर फोन करून विचारावे लागते. पॉलिसीच्या नियमांची पीडीएफ कंपनीच्या संकेतस्थळावर असते. पन्नास पाने वाचायचा कंटाळा येतो हे खरेच. पण मोबाइलवरच त्या पीडीएफमध्ये ‘सब-लिमिट’ आणि ‘प्री-एक्झिस्टिंग’ हे दोन शब्द इंग्रजीत शोधले, तरी निम्म्याहून अधिक काम होते.

बीपी किंवा मधुमेह आधीपासून असेल तर?

सर्वाधिक वाद इथेच होतात. पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार म्हणजे पूर्वीपासूनचा आजार, अशी भारतीय विमा नियामकाची, म्हणजे ‘इर्डा’ची, आरोग्य विम्यासाठीची व्याख्या आहे. रोजची गोळी चालू असेल, तर निदान १५ वर्षांपूर्वीचे असले तरी आजार याच खान्यात जातो. परदेश प्रवासाच्या बहुतेक साध्या पॉलिसी अशा आजारावरचा खर्च देत नाहीत. काही पॉलिसी देतात, पण जीवावर बेतले असेल तरच, प्रकृती स्थिर होईपर्यंतच आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत. म्हणजे दहा वर्षांचा मधुमेह असलेल्या बाबांना हृदयविकाराचा झटका आला, तर ‘याचा मधुमेहाशी संबंध आहे का’ हा प्रश्न डॉक्टरांआधी विमा कंपनी विचारते.

म्हणून पॉलिसी घेताना विचारायचा प्रश्न ‘बीपी कव्हर होते का’ हा नाही. त्याला ‘हो, होते’ असे उत्तर मिळते आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरेही असते. विचारायचे असे : बीपीमुळे पक्षाघात झाला तर जास्तीत जास्त किती डॉलर मिळतील आणि रुग्णालयातल्या कितव्या दिवसापर्यंत? उत्तर ईमेलवर मागावे. फोनवरचा गोड आवाज नंतर सापडत नाही.

मग फॉर्ममध्ये आजार लिहिलाच नाही तर? ‘लिहू नका, प्रीमियम वाढेल’ असा सल्ला देणारे एजंटही भेटतात आणि नातेवाईकही. हा सल्ला कुठे उलटतो, ते पाहण्यासारखे आहे. आपत्कालीन विभागात डॉक्टर पहिल्यांदा विचारतात ते आधीचे आजार आणि चालू औषधे. घाबरलेली मुलगी खरे तेच सांगते, आणि सांगायलाच हवे, कारण उपचार त्यावर ठरतात. ‘दहा वर्षांपासून बीपी, रोज एक गोळी’ ही ओळ केसपेपरवर जाते, तिथून डिस्चार्ज समरीत आणि तिथून विमा कंपनीकडे. फॉर्मवर मात्र ‘कोणताही आजार नाही’ असे लिहिलेले असते. मग प्रश्न केवळ बीपीशी निगडित खर्चाचा राहत नाही. माहिती दडवली म्हणून पूर्ण क्लेम नाकारायला कंपनीला आधार मिळतो. फॉर्म एजंटने भरला असला तरी त्यातील उत्तरे विमाधारकाचीच मानली जातात, त्यामुळे भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घेतलेली बरी.

पॉलिसी भारतातून घ्यावी की अमेरिकेतली?

दोन्ही घेता येतात. भारतातली पॉलिसी साधारणपणे स्वस्त पडते, पैसे रुपयांत भरायचे असतात आणि वाद झाला तर दाद इथेच मागता येते. ती निघण्यापूर्वी घ्यावी लागते. तिथे पोहोचल्यावर आठवण झाली तर बहुतेक कंपन्या देत नाहीत.

अमेरिकेत पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पॉलिसींचे ढोबळ दोन प्रकार आहेत. ‘फिक्स्ड बेनिफिट’ म्हणजे पुन्हा तेच, प्रत्येक खर्चाला ठरावीक रक्कम. दुसरा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, यात वजावटीनंतर बिलाचा मोठा हिस्सा किंवा पूर्ण बिल एकूण कव्हरपर्यंत मिळते आणि रुग्णालयांचे जाळे असल्याने बिल थेट कंपनीकडे जाण्याची शक्यता वाढते. खुब्याच्या हाडाच्या उदाहरणात फरक पडला असता तो इथे. प्रीमियम अर्थातच जास्त, आणि सत्तरी-ऐंशीनंतर मिळणारे कमाल कव्हर झपाट्याने कमी होते. जुन्या आजारासाठी तिथे ‘अक्यूट ऑनसेट’ असा शब्द वापरतात. याचा अर्थ, पूर्वसूचना न देता अचानक उद्भवलेला त्रास आणि त्यावर बहुतेक योजनांत २४ तासांच्या आत घेतलेले उपचार. काही योजनांत एका वयानंतर तोही नाही. नेहमीची तपासणी, गोळ्या, चष्मा, कवळी यांचा खर्च दोन्हीकडे विसरायचा. सहा महिन्यांची औषधे आणि त्यांची औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत हवीच.

साठीच्या आत, धडधाकट, तीन आठवड्यांच्या सहलीला निघालेल्यांसाठी भारतातली पॉलिसी सहसा पुरेशी ठरते. पण सत्तरीला टेकलेले, गोळ्या चालू असलेले आणि सहा महिने राहणारे पालक असतील, तर अमेरिकेतल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीचा भाव काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

किती दिवसांची घ्यायची?

परतीच्या तिकिटाच्या तारखेनंतरचे काही दिवस धरून. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती दिवस राहायचे, हे विमानतळावर मिळणाऱ्या आय-९४ नोंदीतील तारखेवरून ठरते. बहुधा सहा महिने मिळतात. नातवंडाचा पाय निघत नाही म्हणून मुक्काम वाढतो, तेव्हा विमाही वाढवावा लागतो, आणि तो मुदत संपण्याआधी. आधीच क्लेम झाला असेल तर कंपनी मुदतवाढ नाकारूही शकते.

सामान हरवणे, विमान चुकणे यांचे काय?

हे मिळते, पण पॉलिसी निवडण्याचा निकष हा नव्हे. सामान हरवले, तर विमान कंपनीचीही जबाबदारी असते. माँट्रियल करारानुसार सध्या ती प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआरपर्यंत आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक). त्यासाठी विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर ‘पीआयआर’ ही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. विमा कंपनीही हाच कागद मागते.

रुग्णालयात जायची वेळ आली तर?

आधी उपचार, पण त्याच दिवशी पॉलिसीवरील मदत क्रमांकावर फोन. हा क्रमांक मुलीच्या आणि जावयाच्या मोबाइलमध्ये आधीच असायला हवा. पॉलिसी पुण्यातल्या भावाच्या ईमेलमध्ये आणि आई न्यू जर्सीच्या रुग्णालयात, अशी स्थिती फार घरांत असते. जीवावरचे संकट नसेल, तर आपत्कालीन विभागाऐवजी ‘अर्जंट केअर’ केंद्रात जावे, बिलात मोठा फरक पडतो. कव्हरपलीकडचे बिल आलेच, तर लगेच पूर्ण भरू नये. बाबवार बिल मागावे आणि आर्थिक मदतीचा अर्ज आहे का, ते विचारावे. ना-नफा तत्त्वावरील रुग्णालयांना असे धोरण ठेवणे तिथल्या कर कायद्यानुसार बंधनकारक आहे.

क्लेम नाकारला तर?

पॉलिसी भारतीय कंपनीची असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ‘इर्डा’च्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी होते आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तिथे जावे लागते. अर्जासोबत लागतात ते कागद म्हणजे भरलेल्या फॉर्मची प्रत, पॉलिसी, डिस्चार्ज समरी आणि पॉलिसी घेण्याआधी ईमेलवर मागितलेले ते उत्तर.