जंगलातल्या शौर्याची नोंदवही

२००९ हे साल गडचिरोली विसरणार नाही. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात पंधरा पोलीस मारले गेले. २१ मेला त्याच तालुक्यात हत्तीगोट्याला सोळा गेले, त्यांत पाच महिला शिपाई होत्या. ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यातल्या लाहेरीत सतरा. एका वर्षात, एका जिल्ह्यात, तीन हल्ल्यांत अठ्ठेचाळीस माणसं.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी झाल्या. इंग्रजांनी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिलेल्या बाबूराव शेडमाकेंच्या नावानं भारतीय टपाल खात्यानं तिकीट काढलं. आणि ऑगस्टमध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं. बढती, निवृत्तिवेतन, सेवेतल्या नोंदी यांबद्दल अन्याय झाला असं ज्या सैनिकाला वाटतं, त्याला दाद मागायला स्वतंत्र जागा मिळाली. या घटना एका माळेत ओवून कुणी पाहिल्या नाहीत. पण शौर्य कोण नोंदवतं, नोंद चुकली तर ती कुणी आणि कधी दुरुस्त करायची, हा प्रश्न तिन्हींच्या तळाशी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीनं आता तो स्वतःला विचारायची वेळ आली आहे.

शेडमाके मोलमपल्लीचे गोंड जमीनदार. १८५८ मध्ये त्यांनी गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांची फौज उभी करून इंग्रजांशी लढा दिला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी त्यांना पकडून दिलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना फाशी झाली. सरकारी कागदांत ते बंडखोर ठरले, पकडून देणाऱ्यांच्या नावे बक्षीस लागलं. ही नोंद सरकारी पातळीवर पुसायला दीडशे वर्षं लागली. तोवर शेडमाके टिकले ते गोंडी गाण्यांत आणि गावागावांतल्या आठवणींत. ती तोंडी परंपरा जबर होती, म्हणून तिकीट निघालं. ज्यांच्या मागे गाणं नसतं त्यांचं काय होतं?

स्वतंत्र भारतानं २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीरचक्र सुरू केली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली. शत्रूसमोरच्या लढाईसाठी ही तीन चक्रं. शत्रूशी युद्ध नसतानाच्या शौर्यासाठी १९५२ मध्ये अशोकचक्राचे तीन वर्ग आले. १९६७ मध्ये त्यांची नावं बदलून अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र झाली. ज्या घरात आजोबांच्या नावाचा ‘अशोकचक्र, वर्ग तीन’ असा कागद आहे, त्या घरातल्या नातवाला तो सन्मान म्हणजेच आजचं शौर्यचक्र हे अनेकदा ठाऊकच नसतं. सेना पदकाचंही तसंच. ते शौर्यासाठीही मिळतं आणि उत्तम सेवेसाठीही. कंसातला ‘शौर्य’ हा शब्द नोंदीत यायचा राहिला तर मानही जातो आणि त्यापोटी मिळणारा भत्ताही.

पदक कसं मिळतं ते पाहिलं की चूक कुठून शिरते ते कळतं. लढाई झाली की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरून कमांडर शिफारस लिहितो, म्हणजे साइटेशन. ते ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर असं वर चढत दिल्लीला पोहोचतं. प्रत्येक पायरीवर ते वाचणारा पदकाचा दर्जा बदलू शकतो. मग राजपत्रात नाव येतं आणि पलटणीच्या पार्ट-टू ऑर्डरनं ते जवानाच्या कागदांत चढतं. पहिलं वाक्य लिहिणारा माणूस थकलेला असतो, कधी जखमी असतो, कधी त्यानं ती लढाई दुसऱ्या डोंगरावरून पाहिलेली असते. आणि ज्याच्याबद्दल लिहायचं, तो बोलायला उरलेलाच नसतो.

खुद्द परमवीरचक्राच्या नोंदी चुकल्या आहेत. १९६२ मध्ये लडाखमधल्या सिरीजापच्या चौकीवर लढलेले मेजर धनसिंग थापा मारले गेले असं समजून त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झालं. ते चीनच्या कैदेत जिवंत होते आणि १९६३ मध्ये परतले. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांचं चक्रही आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झालं होतं. त्याच पलटणीतले त्याच नावाचे दुसरे जवान शहीद झाले होते, आणि हे यादव रुग्णालयात उपचार घेत होते. या दोन्ही चुका लगेच सुधारल्या, कारण साऱ्या देशाची नजर त्या नावांवर होती.

नजर नसते तेव्हा काय होतं हे कारगिलच्याच दुसऱ्या प्रकरणात दिसलं. ब्रिगेडियर देविंदर सिंग बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे कमांडर होते. घुसखोर वरिष्ठ सांगतात त्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, असं त्यांनी वेळीच कळवलं होतं. ते मत मानलं गेलं नाही. युद्धानंतरच्या अहवालात त्यांच्या ब्रिगेडच्या कामगिरीचं श्रेय दुसरीकडे गेलं आणि त्यांच्या वाट्याला विशिष्ट सेवा पदक आलं, जे लढाईतल्या शौर्यासाठी नसतं. त्यांनी दाद मागितली. मे २०१० मध्ये न्यायाधिकरणानं निकाल दिला. तेव्हाचे कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल किशन पाल यांनी पूर्वग्रहानं लिहिल्याचा ठपका ठेवला, त्यांनी दिलेला शेरा रद्द केला आणि बटालिकच्या लढाईच्या नोंदी दुरुस्त करायला सांगितलं. युद्ध संपून जवळपास अकरा वर्षं झाली होती. पण एका निवृत्त सैनिकाच्या अर्जावरून लढाईचा लिखित इतिहास बदलू शकतो, हे या निकालानं भारतात प्रथमच इतक्या स्पष्टपणे दाखवलं.

महाराष्ट्रात अशा चिकाटीचं ठळक नाव मुरलीकांत पेटकर यांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालेल्या सांगलीच्या या जवानानं १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी तेव्हा मान्य झाली नाही. पद्मश्री २०१८ मध्ये आली, अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये. हा सन्मान खेळाचा, लष्करी नव्हे. तरी शिकवण तीच आहे: सरकारदरबारी कर्तृत्व आपोआप वर येत नाही, ते कुणीतरी मांडावं लागतं.

आता हीच वाट चंद्रपूरच्या एखाद्या माजी सैनिकानं चालायची ठरवली तर? त्याच्याजवळ डिस्चार्ज बुक असतं, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ असतो, पत्र्याच्या पेटीत पदकं असतात. पासष्टच्या लढाईचा समर सेवा स्टार किंवा एकाहत्तरचं संग्राम पदक छातीवर आहे, पण बुकात त्याची ओळ नाही, अशा तक्रारीचा पहिला थांबा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला जातो: गार्ड्सचा असेल तर कामठी, मराठाचा असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा सागर, तोफखान्याचा नाशिक रोड. तिथे न सुटल्यास न्यायाधिकरण, आणि त्याचं महाराष्ट्रातलं खंडपीठ मुंबईला. ऐंशी वर्षांच्या माणसाला हे अंतर पार करायला सांगणं म्हणजे नाही म्हणणंच आहे. शिवाय त्याच्या बाजूनं साक्ष देणारे त्याच्याच वयाचे असतात. दरवर्षी त्यांतले काही कमी होतात.

पण या दोन जिल्ह्यांतली सर्वांत मोठी लढाई सीमेवर झालीच नाही. ती इथल्याच सागवानाच्या आणि बांबूच्या रानात झाली. २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा भागात मोयाबिनपेट्याला पेद्दी शंकर हा नक्षलवादी पोलिसांच्या गोळीनं मारला गेला, तिथपासून तिचा काळ मोजतात. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९९० मध्ये के. पी. रघुवंशी पोलीस अधीक्षक असताना साठ स्थानिक जवानांचं सी-६० पथक उभं राहिलं. गोंडी आणि माडिया बोलणारी, रान पायाखालचं असणारी ही पोरं. ज्या गावांतून नक्षलवाद्यांना माणसं मिळत, त्याच गावांतून हे जवान भरती झाले. कधी एकाच घरातला एक भाऊ इकडे आणि दुसरा तिकडे.

या लढाईला कुणी युद्ध म्हटलं नाही, म्हणून परमवीर, वीरचक्र इथे लागूच झालं नाही. इथल्या पोलिसांसाठी राष्ट्रपतींचं पोलीस शौर्यपदक, राज्याचं विशेष सेवा पदक, आणि फार थोड्यांना अशोकचक्राच्या मालिकेतलं एखादं चक्र. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोल्याच्या चकमकीत नक्षलवादी नेता मिलिंद तेलतुंबडे याच्यासह सव्वीस जण मारले गेले. त्या कामगिरीसाठी सोमय मुंडे या आयपीएस अधिकाऱ्याबरोबर सी-६० च्या जवानांनाही शौर्यचक्र मिळालं. अधिकारी आणि शिपाई एकाच चक्रानं गौरवले जावेत, हा या जिल्ह्याच्या इतिहासातला अभिमानाचा क्षण आहे.

पण त्याआधीच्या चाळीस वर्षांचं काय? पोलीस शौर्यपदकाची फाईल अधीक्षकांपासून महासंचालक, मंत्रालय, केंद्रीय गृह मंत्रालय अशी जाते, आणि घटनेनंतर ठराविक मुदतीत ती वर पोहोचावी लागते. भामरागडची पर्लकोटा नदी पावसाळ्यात पुलावरून वाहू लागली की तालुक्याचा जगाशी संबंध तुटायचा. चकमक संपते न संपते तोच पुढच्या अभियानाची हाक यायची. अशा ठाण्यातून इंग्रजीत नेटकं, पुराव्यासकट साइटेशन वेळेत लिहून जाणं ही स्वतःच एक मोहीम होती. पोलिसासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणासारखी जागाही नाही. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) आहे, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे, पण लढाईची नोंद दुरुस्त करा, एवढंच म्हणायचं असलेल्या निवृत्त हवालदारानं किंवा शहिदाच्या पत्नीनं नेमकं कुठे जायचं हे कुठेच लिहिलेलं नाही.

नोंद खरी हवी म्हटलं की ती दोन्ही बाजूंनी खरी हवी. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात, मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ मधल्या चकमकींच्या निमित्तानं, संपूर्ण देशासाठी नियम घालून दिले. चकमकीनंतर लगोलग शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यायची. काहींना हा नियम जवानांच्या विरोधातला वाटला. मला तो जवानाच्या बाजूचा वाटतो. चौकशीतून तावून निघालेलं पदक कुणी हिरावून घेऊ शकत नाही, आणि एक खोटी नोंद शंभर खऱ्या पदकांवर संशय आणते. ज्या गावात निरपराध माणूस मारला गेला असेल, त्या गावालाही खरी नोंद मागण्याचा तितकाच हक्क आहे.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांच्या या लढाईचा शेवट दिसू लागला आहे. बंदुका थंडावल्या की रस्ते होतील, खाणी होतील, आणि माणसं भराभर विसरतील. म्हणून नोंदींचं काम आत्ताच हाती घ्यायला हवं.

ते अवघड नाही. १९८० पासूनच्या प्रत्येक चकमकीची आणि हल्ल्याची जिल्ह्यात एकच नोंदवही करावी: तारीख, ठिकाण, पथक, हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव, जखमी, मृत, मिळालेलं आणि नाकारलेलं पदक. ती मराठीत असावी आणि नागरिकांना पाहता यावी. मरकेगाव, हत्तीगोटा, लाहेरी अशा ठिकाणी वाचलेल्या जवानांच्या, तिथल्या गावकऱ्यांच्या आणि शहिदांच्या घरच्यांच्या साक्षी त्यांच्या बोलीत, गोंडीत आणि माडियात, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. आणि मुदत संपली म्हणून बंद झालेल्या शिफारशी पुन्हा पाहण्यासाठी एकदाची खिडकी उघडावी, जिथे निवृत्त सैनिक आणि निवृत्त पोलीस दोघांचे अर्ज चंद्रपुरात किंवा गडचिरोलीतच घेतले जातील. शेडमाकेंना दीडशे वर्षं थांबावं लागलं, कारण त्यांची नोंद त्यांना फाशी देणाऱ्यांच्या हाती होती. आज नोंदवही आपल्याच हातात आहे. ती चुकीची राहिली तर दोष आपलाच असेल.