कातळावरचा हत्ती आणि गिम्पचे थर

रत्नागिरी तालुक्यात उक्षीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला एक हत्ती आहे. भर दुपारी तिथे पोचलेल्या माणसाला तो पटकन सापडत नाही. ऊन डोक्यावर असतं, खोदलेल्या रेषेत सावली पडत नाही, आणि सोंड कुठली नि पाठ कुठली हे काळपट कातळात विरून जातं. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर त्याच रेषेच्या काठाशी सावली धरते आणि हत्ती उभा राहतो. दुपारच्या पाहुण्याच्या मोबाइलमधून मात्र खडबडीत दगडाचा एक तुकडा तेवढा घरी येतो.

रेषा उठून दिसावी म्हणून तिच्यावरून खडू फिरवायचा मोह अशा वेळी होतो. तो आवरायलाच हवा. २०२२ साली कोकणपट्टीतली नऊ कातळशिल्पस्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत आणि उक्षी त्यांपैकी एक. खडूचं काम घरी येऊन, कातळाला बोटही न लावता करता येतं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर कुणीही उतरवून घेऊ शकतं. त्याचं नाव गिम्प, म्हणजे ‘ग्नू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम’.

फोटो उघडला की पहिलं काम त्याच्या थराची, म्हणजे लेयरची, नक्कल काढण्याचं. मूळ थर खाली तसाच राहतो आणि सगळी खटपट वरच्या नकलेवर होते. आधी रंग काढून चित्र करडं करायचं. मग ‘कर्व्ज’ची खिडकी उघडायची. तिथे एक तिरकी रेघ दिसते. तिचा खालचा भाग थोडा दाबला आणि वरचा थोडा उचलला की काळं अधिक काळं आणि उजळ अधिक उजळ होतं. खाचेतली जेमतेम जाणवणारी सावली गडद होते, पाठीचा बाक दिसू लागतो. मग या सगळ्यावर एक कोरा पारदर्शक थर टाकायचा आणि ‘पाथ्स’ अवजाराने, खुंट्या ठोकत दोरी ताणावी तशी, सोंडेपासून शेपटीपर्यंत रेषा आखायची आणि ‘स्ट्रोक’ करून ती त्या थरावर गिरवायची. शेवटी खालच्या थरांसमोरचा डोळा मिटला की दगड नाहीसा होतो आणि पारदर्शक जागेवर नुसता हत्ती उरतो. एखादी रेषा चुकली, कातळाची नैसर्गिक भेग सोंड म्हणून गिरवली गेली, तर तेवढा थर पुसायचा. खालचा फोटो जसा सड्यावरून आला तसाच असतो.

मूळ वस्तूला धक्का न लावता तिच्यावर काम करायचं, ही गोष्ट गिम्पला पूर्णपणे साधायला तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांची हकिगत सांगण्यासारखी आहे.

१९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प सुरू केला. पुढच्या वर्षी पहिली आवृत्ती लोकांच्या हाती गेली. त्याच सुमारास लॅरी यूइंग यांनी लिनक्स या संगणक-प्रणालीचा तो गुबगुबीत पेंग्विन, टक्स, याच गिम्पमध्ये रंगवला. खिडक्या, बटणं, याद्या उभ्या करायला सुरुवातीला ‘मोटिफ’ नावाचा संच वापरला होता. तो मुक्त नव्हता आणि त्याच्या मर्यादाही जाचत होत्या. म्हणून किंबल आणि मॅटिस यांनी स्वतःचाच संच लिहिला: जीटीके, मूळ ‘गिम्प टूलकिट’. चित्र रंगवायच्या कार्यक्रमासाठी केलेली ही बटणं नंतर ग्नोम या लिनक्सच्या अख्ख्या डेस्कटॉपचा पाया झाली. लेकीसाठी म्हणून बांधलेल्या घरात सगळी वाडी राहायला यावी, तसं झालं.

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दामुळे मोठा घोळ होतो. मराठीत तो होत नाही, कारण आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. गिम्प मोफत आहे हे खरंच, पण त्याचं मोल मुक्त असण्यात आहे. त्याचा स्रोत, म्हणजे ज्या ओळींनी तो बनला त्या सगळ्या, जीपीएल परवान्याखाली उघड्या आहेत. कुणीही त्या वाचाव्यात, बदलाव्यात आणि बदललेलं पुढे द्यावं. अट एकच, की पुढे देतानाही तेच स्वातंत्र्य द्यायचं.

जोडण्या, म्हणजे प्लग-इन, जन्मतात त्या या मोकळीकीतून. गिम्पच्या आत प्रत्येक क्रियेची एका कोठारात नावानिशी नोंद असते. चित्र लहान करणं, फिरवणं, धूसर करणं, सगळं त्यात आलं. बाहेरून लिहिलेली एखादी छोटी स्क्रिप्ट त्या नावाने हाक मारून क्रिया करवून घेते. स्क्रिप्ट-फू ही स्कीम भाषेवर बेतलेली त्याची जुनी वाट आणि पायथन ही सध्याची रुळलेली. समजा, हंगामात हापूसच्या पेट्यांचे दीडशे फोटो ग्राहकांना पाठवायचे आहेत आणि प्रत्येक फोटो एकाच मापाचा करून कोपऱ्यात बागेचं नाव टाकायचं आहे. हे काम हाताने दीडशे वेळा करण्यापेक्षा पायथनच्या मोजक्या ओळींना सांगता येतं.

याहून मोठ्या जोडण्याही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात पॉल हॅरिसन यांनी डॉक्टरेटसाठी जे संशोधन केलं, त्यातून ‘रीसिंथेसायझर’ निघाली. चित्रातला नको तो भाग निवडला की आसपासचा पोत पाहून ती तेवढी जागा भरून काढते. फोटोशॉपमध्ये ‘कंटेंट-अवेअर फिल’ २०१० साली आलं, तेव्हा गिम्प वापरणाऱ्यांना ही करामत कित्येक वर्षांपासून ठाऊक होती. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेत दाविद च्युम्पर्ले यांनी २००८ साली सुरू केलेली ‘जीमिक’ आज पाचशेहून अधिक फिल्टर पुरवते. गिम्प घडवणाऱ्यांनी यांपैकी कुणालाही नेमलं नव्हतं. दार उघडं होतं, आणि ज्याला जे सुचलं ते त्याने आत आणून ठेवलं.

कोकणातल्या घरांत या अवजारांना काम भरपूर. चार महिन्यांच्या दमट हवेत भिंतीवरच्या जुन्या फोटोंना बुरशी येते, काही तर काचेलाच चिकटून बसतात. आजीच्या फोटोत नेमकी नथीजवळ बुरशीची नक्षी उमटलेली असते. अशा फोटोवर ‘क्लोन’ वापरलं तर एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे बसतो आणि ठिगळ कळतं. ‘हील’ अवजार तसं करत नाही. कंट्रोल कळ दाबून गालाच्या चांगल्या भागावर टिचकी मारायची आणि मग डागावर कुंचला फिरवायचा. पोत गालाचा येतो, पण उजेड डागाच्या आजूबाजूचा धरला जातो. इथे घाई कामाची नाही. कुंचला डागापेक्षा जरासाच मोठा ठेवावा, चित्र चौपट मोठं करून पाहावं, आणि नथीचा मोती आला की थांबावं. रीसिंथेसायझर साडीचा काठ उत्तम भरते, पण तिला आजी ठाऊक नाही. चेहरा हातानेच करावा.

मराठी माणसाची खरी परीक्षा अक्षरांपाशी असते. ‘रत्नागिरी’ हाच शब्द घ्या. त्यात त आणि न यांचं जोडाक्षर आहे. शिवाय ‘गि’मधली वेलांटी टंकताना ग नंतर येते, पण कागदावर ती ग च्या आधी उमटावी लागते. ज्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही, तिथे पाय मोडका त, मग न, आणि भलत्याच अक्षराला लटकलेली वेलांटी दिसते. छपाईच्या धंद्यात म्हणूनच वर्षानुवर्षं जुने, युनिकोडपूर्व फाँट चालले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवलेले असायचे. तो फाँट नसलेल्या संगणकावर लग्नपत्रिका उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी नुसती चिन्हांची रांग.

गिम्प अक्षरजुळणीचं काम ‘पँगो’ आणि ‘हार्फबझ’ यांच्यावर सोपवतो. पँगो जीटीकेच्याच घरातला. हार्फबझ अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्येही अक्षरं जुळवतो. त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द वेगळे उमटतात, आणि कोकणात ज्याला दोन्हींबद्दल लिहायचं असतं त्याला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. मजकुराच्या पर्यायांत भाषेचा एक रकानाही आहे. तिथे मराठी निवडली आणि फाँटमध्ये मराठी वळणाची सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी धाटणीऐवजी आपल्या धाटणीचे येतात. रकाना इतका लहान, की सहज नजरेतून सुटतो. पेटीच्या लेबलवर मोठं, भरीव अक्षर हवं असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्त परवान्याचे ‘मुक्त’, ‘बालू’, ‘मोदक’ हे फाँट आहेत. ‘मोदक’ हे नाव त्या गुबगुबीत अक्षरांना किती शोभतं!

शिकायचं कुठे, या प्रश्नाचं एक उत्तर आयआयटी मुंबईत आहे. तिथल्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे पाठ भारतीय भाषांतून मिळतात. पडद्यावर कृती चालू आणि सोबत आपल्या भाषेत आवाज. त्यातली गिम्पची मालिका मूळ जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातले रोल्फ स्टाइनॉर्ट यांच्या ‘मीट द गिम्प’ची. ब्रेमेनमधला माणूस थर समजावतो आणि गुहागरचा विद्यार्थी ते मराठीत ऐकतो.

उणिवा आहेत, आणि त्या झाकून चालणार नाही. छापखान्याला निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंचा हिशेब, म्हणजे सीएमवायके लागतो. गिम्प आतून लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचाच हिशेब ठेवतो. ३.० आवृत्तीत छपाईचा रंग पडद्यावर अजमावता येतो आणि काही प्रकारच्या फाइल सीएमवायकेत काढता येतात, पण थेट त्या रंगांत काम करता येत नाही. पडद्यावरचा हापूसचा केशरी कागदावर मळकट निघाला तर त्याचं मूळ बहुधा इथे असतं. गिम्पच्या वेगवेगळ्या तरंगत्या खिडक्यांनीही लोकांना बराच काळ छळलं. सगळं एका खिडकीत आणायची सोय २०१२ साली, २.८ आवृत्तीत आली.

आणि जेगल. जेगल हे गिम्पच्या पोटातलं नवं इंजिन. त्याचं काम २००० सालीच सुरू झालं होतं. चित्राचे ठिपके बदलून टाकण्याऐवजी कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने करायच्या याची साखळी ते जपतं. ते पूर्णपणे बसलं २०१८ साली, २.१० मध्ये. मार्च २०२५ मध्ये ३.० आली तेव्हा त्याचं फळ हातात पडलं. आता ‘कर्व्ज’ लावलं तरी ते थराला नुसतं जोडलेलं राहतं. महिन्याभराने फाइल उघडून ती रेघ पुन्हा सैल करता येते किंवा काढूनही टाकता येते. पगारी माणसं मोजकीच, बाकी बहुतेक काम फावल्या वेळातलं. पंचवीस वर्षं हे काम कुणीतरी हातातून सोडलं नाही, याबद्दल मनापासून आदर वाटतो.

काम संपल्यावर ‘सेव्ह’ केलं की गिम्प एकाच प्रकारची फाइल देतो. इतरांना पाठवायची जेपेग ‘एक्सपोर्ट’ करून वेगळी काढावी लागते, कारण जेपेगमध्ये थर राहत नाहीत. थर, गिरवलेली सोंड, पुसलेली भेग आणि तळाशी दुपारच्या उन्हातला मूळ कातळ, हे सगळं ज्या फाइलमध्ये राहतं तिचं शेपूट ‘एक्ससीएफ’. ते दोघे विद्यार्थी बर्कलीतल्या ज्या संगणक-गटात बसून काम करायचे, त्या ‘एक्सपेरिमेंटल कॉम्प्युटिंग फॅसिलिटी’ची ती आद्याक्षरं आहेत. उक्षीचा हत्ती त्याच नावाने जपला जातो.