घरातलं घरात राहू न देणारी पुस्तकं

कुठली पुस्तकं?

वाचक तेरा ते अठरा वर्षांचा, गोष्ट सांगणारा किंवा सांगणारीही त्याच वयाची, आणि विषय आपल्याच माणसांनी केलेला छळ: मार, उपाशी ठेवणं, कोंडणं, उठताबसता हिणवणं, लैंगिक अत्याचार. इंग्रजीत अशा किशोर कादंबऱ्यांचा स्वतंत्र कप्पा आहे. मराठीत विषय जुना आहे, पण तो बहुतेक वेळा मोठ्यांसाठी लिहिला गेला.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. महाराष्ट्रही त्यात होता. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना आई-वडिलांनीच मारलं होतं. म्हणजे प्रश्न चार विकृत माणसांचा नाही.

बातमीत मुलगी सापडत नाही

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि गुन्हा नोंदवायला उशीर झाला होता. राग रास्तच होता. पण शाळेविरुद्ध रुळांवर बसता येतं. आरोपी सख्खा काका असला की रेल रोको होत नाही. तेव्हा शेजारीपाजारी ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दार लोटून घेतात.

त्यात कायद्याची एक योग्य पण विचित्र परिणाम करणारी अट आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. आरोपी बापच असेल तर त्याचंही नाव द्यायची सोय नाही. मग अशा बातमीत उरतं काय? एक वय, एक पोलीस ठाणं आणि एक ‘नराधम’. मुलीला कुठला विषय आवडतो, ती कुणाच्या शेजारी बसते, हे कुठून येणार? कादंबरीत मात्र तिला नाव असतं. आणि नराधमाऐवजी एक बाप असतो, जो संध्याकाळी वडापाव आणतो आणि रात्री पट्टा काढतो. मुलांना गोंधळात टाकतं ते हेच, आणि ते लिहिता येतं फक्त गोष्टीत.

मराठीच्या फडताळात काय आहे

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. त्यातल्या लीला बेणारे हिला किशोरवयात सख्ख्या मामाने नादी लावलेलं असतं. प्रकरण अंगाशी आल्यावर तो पळ काढतो, ती जीव द्यायला जाते. नाटकातल्या खोट्या खटल्यात हीच हकिकत पुरावा म्हणून पुढे येते, तीही तिच्याविरुद्ध. मामावर आरोपपत्र नाही. इतक्या वर्षांपूर्वी तेंडुलकरांनी हे नेमकं पाहिलं होतं, पण बेणारे बोलते ती मोठी झाल्यावर, मोठ्यांसमोर.

१९९४ हे साल त्याहून बोलकं. त्या वर्षी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ आलं आणि किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ही. दोन्हींत आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा आहे. संतांचा लंपन हुरहुरतो, पण माया त्याच्या ताटात असते. काळ्यांचा किशोर आजोळी मार खातो, घरची कामं ओढतो, शाळेसाठी भांडतो आणि पुढे डॉक्टर होतो. तमाशात नाचणाऱ्या आईचं नाव त्याने आपल्या नावात ठेवलं. आपण मुलांच्या हातात लंपन दिला. किशोर दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या रांगेत ठेवला. मला विचाराल तर आठवी-नववीच्या मुलाने दोन्ही एकापाठोपाठ वाचावीत.

छळ संपल्यावरची गोष्ट

याच विषयावरचं माझं आवडतं पुस्तक किंबर्ली ब्रुबेकर ब्रॅडली या अमेरिकन लेखिकेचं ‘द वॉर दॅट सेव्ह्ड माय लाइफ’ (२०१५). लंडनमधली एक खोली, जन्मतः वाकड्या पायाची एडा आणि तिला लाजेखातर बाहेर न सोडणारी आई. १९३९ मध्ये मुलांना बॉम्बपासून वाचवायला खेड्यांत पाठवतात, तशी एडाही धाकट्या भावाबरोबर निसटते. सुटका इथेच होते, पण पुस्तक बरंच उरलेलं असतं. नाताळात सांभाळणाऱ्या बाई तिला हिरव्या मखमलीचा ड्रेस शिवून देतात, सुंदर दिसतेस म्हणतात, आणि एडा आनंदण्याऐवजी किंचाळत कोसळते. आईने आयुष्यभर जे ऐकवलं ते खरं की हे, दोन्ही तिच्या अंगात मावत नाहीत. छळातून बाहेर पडल्यावर प्रेमाचीच भीती वाटते, हे इतकं स्वच्छ मी क्वचित वाचलंय.

आपल्याकडे इंग्रजीत रणजित लाल यांची ‘स्मिटन’ (२०१२) आहे. ती थेट घरातल्या लैंगिक अत्याचारावर आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये अशी कादंबरी लिहायची झाली तर

उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बॅरॅकींत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली तेव्हा दोन बिऱ्हाडांमध्ये गोणपाटाचा पडदा असे. पडद्याच्या भिंती झाल्या, वर माळे चढले, तरी शहाडकडच्या कित्येक गल्ल्यांत भिंतीला भिंत आहे. तिथे ‘आम्हाला ऐकूच आलं नाही’ हे पटत नाही. पलीकडे आवाज चढला की अलीकडे टीव्हीचा आवाज वाढतो. अशा कादंबरीत तो रिमोट हातात धरणारी शेजारीण हवीच.

पोलीस आणि कोर्ट नीट लिहा

मालिका पाहून लिहिणारे इथे हमखास घसरतात. पॉक्सोखाली मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. कोर्टात साक्ष देताना आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये, हीसुद्धा कायद्याची अट. नातेवाइकाने किंवा एका घरात राहणाऱ्याने केलेला गुन्हा कायदा अधिक गंभीर धरतो. आरोपी त्याच घरात राहत असेल तर २४ तासांत मुलीला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. तिला घरी ठेवायचं की नाही, याचा निर्णय समिती तीन दिवसांत करते. मला तर कथेची खरी जागा हे तीन दिवस वाटतात: आई कुणाच्या बाजूने उभी राहते, ते तेव्हा कळतं.

आणखी एक. लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हा मोठ्यांसाठी गुन्हा आहे, पण अल्पवयीन मुलांना त्यातून सूट आहे. मैत्रिणीचं गुपित पोटात ठेवणारी पंधरा वर्षांची मुलगी कायद्यापुढे दोषी नाही, हे लेखकाला माहीत हवं. वाचणाऱ्या मैत्रिणीला तर हवंच हवं.

हातात कसं द्यायचं

एकाच मुलीला बाजूला घेऊन ‘हे तू वाच’ म्हणू नका. सगळ्या वर्गाला समजतं. वाचनालयात इतर पुस्तकांत उभं ठेवा, नोंद न करता नेऊ द्या. पुस्तक घरी नेता येत नसेल तर तिथेच बसून वाचू द्या. वाचून कुणी बोललंच, तर प्रश्नांची सरबत्ती नको, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही नको, कारण लैंगिक अत्याचार असेल तर कळवणं तुम्हाला भागच आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो. नंबर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवला तरी चालेल.