ज्वारीची पाच घराणी

लागवडीखालील ज्वारीच्या कणसांत आणि दाण्यांत इतके वैविध्य आढळते की, ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जे. डी. स्नोडेन यांनी १९३६ साली तिच्या ३१ स्वतंत्र जाती कल्पिल्या. परंतु या साऱ्या ‘जातीं’चा परस्परांत सहज संकर होतो आणि त्यांची संततीही जननक्षम निघते, म्हणजेच, जाती या संकल्पनेच्या नेहमीच्या कसोटीवर त्या सर्व एकच ठरतात. स्नोडेन यांचे निरीक्षण अचूक होते, पण बियाण्यांचे हजारो नमुने हाताळणाऱ्याला ती वर्गवारी वापरणे जवळजवळ अशक्य होते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॅक हार्लन आणि यान डी वेट यांनी १९७२ मध्ये सुटसुटीत पर्याय मांडला. त्यांनी पाच मूळ गट मानले आणि त्यांच्या जोड्यांतून होणारे दहा मिश्र गट त्यांना जोडले. ओळखीसाठी पिकलेला दाणा व त्याला वेढणारी तुसे, म्हणजे दाण्याबाहेरची टणक आवरणे, प्रामुख्याने पाहिली. बायकलर गटात लांब तुसे दाण्याला घट्ट कवटाळतात. पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी प्रदेशातील गिनी गटात ती उघडतात आणि चपटा दाणा त्यांच्यामध्ये वळून तिरका होतो. कॉडेटमचा दाणा एका बाजूने सपाट, तर दुसऱ्या बाजूने फुगीर असतो. दक्षिण आफ्रिकेकडील काफिरचा मात्र दोन्ही बाजूंनी सारखा. दुर्रा गटात कणीस बहुधा गच्च भरलेले, दाणा वर रुंद व तळाशी निमुळता असतो, आणि कित्येकदा कणसाचा दांडा हंसाच्या मानेसारखा खाली वळतो. भारतात याच गटाचे प्राबल्य असून सोलापूर-मंगळवेढ्याकडची प्रसिद्ध मालदांडीही त्यातलीच.

ही रचना शेतकऱ्याच्या वर्गवारीशी जुळत नाही, आणि जुळावी अशी अपेक्षाही नसावी. त्याच्या दृष्टीने खरिपाची ज्वारी आणि रब्बीचा शाळू हा भेद, किंवा एखादे वाण हुरड्याचे आहे की भाकरीचे हा प्रश्न, तुसांच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचा असतो. पैदासकाराला मात्र दूरचे रक्त कोठून आणावे हे गटांवरून कळते: १९६४ साली प्रसारित झालेल्या, भारतातील ज्वारीच्या पहिल्या संकरित वाणाची, सीएसएच-१ची, मादी काफिर गटातील होती.