‘आठ’ काढताना काटा कुठे हवा?

गाडी चालवता येणं वेगळं आणि गाडीचा वेग आपल्या हातात असणं वेगळं. मला हे कळलं तेव्हा मी आरटीओच्या ट्रॅकवर होते आणि माझा डावा पाय जमिनीवर होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अठरा पूर्ण झाली, लर्निंग निघालं, मामाने पारनेरच्या बाजारतळावर गाडी शिकवली. महिनाभरात मी इतकी तयार झाले की मामाला मागे बसवून सुसाट. टेस्टच्या दिवशी मैत्रीण म्हणाली, “काही नसतं गं, आठ काढला की झालं.” पहिलं वळण मी नेहमीच्या झोकात घेतलं आणि रेषेबाहेर जायला लागले. घाबरून एक्सलेटर एकदम सोडला. गाडी आत कलली, पाय टेकला. नापास! घरी मामा एवढंच म्हणाला, “अगं, पळवायला शिकलीस. हळू चालवायला कुठे शिकलीस?”

तुमच्यापैकी अनेकांचं लर्निंग या सुट्टीत निघालं असेल. म्हणून या लेखासाठी मी पुन्हा एकदा ट्रॅकच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. पोरं तीच, चुका त्याच. कुणी अति जोरात येतं, कुणी इतकं हळू की गाडी डुलायला लागते.

नियमात काय लिहिलंय?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ म्हणजे आपली ड्रायव्हिंग टेस्ट. चालकाला काय काय यायला हवं याची त्यात लांबलचक यादी आहे. सुरुवात आरसा नीट लावण्यापासून होते. पुढे चढावर गाडी मागे न घरंगळता पुन्हा निघणं आहे, योग्य वेळी इशारा देणं आहे. आणि त्यातच एक मुद्दा आहे : रस्ता आणि रहदारी बदलेल तसा वेग बदलता आला पाहिजे. अमुक किलोमीटरने चालवा, असं तिथे म्हटलेलं नाही. परिस्थिती बघून वेग ठरवा, असं म्हटलंय. त्यामुळे “सर, किती स्पीडला चालवू?” या प्रश्नाचं उत्तर काट्यावर सापडणार नाही, ते समोरच्या रस्त्यावर शोधावं लागतं.

दुचाकीवर : चालत्या माणसाची चाल

गाडी वेगात असली की ती बऱ्यापैकी स्वतःच तोल धरते. वेग कमी झाला की तोलाचं काम आपल्याकडे येतं. हँडलने, शरीराने, ब्रेकने. उलट वेग वाढला की वळण मोठं होतं आणि आठाच्या छोट्या गोलात गाडी मावत नाही. म्हणून आठ काढताना वेग हवा तो झपाझप चालणाऱ्या माणसाएवढा, आणि महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा.

गिअरची गाडी असेल तर पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, एक्सलेटर अगदी थोडा आणि मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब. स्कूटर असेल तर एक्सलेटर थोडा चालू ठेवा आणि डाव्या हाताच्या, म्हणजे मागच्या ब्रेकने वेग आवरा. माझ्यासारखा एक्सलेटर एकदम सोडू नका, तिथेच गाडी पडते. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. आणि नजर? पुढच्या चाकाकडे बघाल तर रेषेवर जाल. जिथे जायचंय तिकडे मान वळवा, गाडी मागोमाग येते.

सरावासाठी सोपा उपाय : मोकळ्या मैदानावर फक्कीने आठ आखा आणि मित्राला शेजारून चालायला सांगा. त्याच्या पुढेही जायचं नाही, मागेही राहायचं नाही. दहा फेऱ्या अशा जमल्या की भीती जाते. मी दुसऱ्या वेळी असंच केलं.

चारचाकीत : सगळा खेळ क्लचचा

रिव्हर्स घेताना बहुतेक जण एक्सलेटर दाबतात. सपाट जमिनीवर त्याची गरजच नसते. क्लच हळूहळू सोडा, गाडी आपोआप सरकायला लागते, तिथेच पाय स्थिर ठेवा. घाई वाटली तर थांबा. पूर्ण थांबून, आरसे बघून पुन्हा निघणं केव्हाही चांगलं. चढावर हँडब्रेक लावून, क्लच सोडताना इंजिनचा आवाज जड झाला की मग हँडब्रेक खाली. रस्त्यावर नेलं तर मात्र उलटी चूक करू नका. मोकळ्या रस्त्यावर घाबरून दुसऱ्या गिअरमध्येच रांगत राहणं हीसुद्धा वेगावर ताबा नसल्याचीच खूण आहे.

आणि नापास झालात तरी आकाश कोसळत नाही. सात दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात, तर मात्र शेवटच्या टेस्टनंतर साठ दिवस थांबावं लागतं.

गाडीचीही टेस्ट नगरातच

आपल्या शहराची गंमत बघा. नगरजवळच्या वाहननगरमध्ये डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. लष्कराच्या गाड्यांवर तिथे काम चालतं, आणि बाजारात येणाऱ्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकीही ती एक आहे. गाडीची ही तपासणी होते नियम १२६ खाली. म्हणजे ज्या नियमावलीच्या पंधराव्या नियमात आपली परीक्षा आहे, तिच्यातच गाडीचीही आहे. गाडीचे ब्रेक पुन्हा पुन्हा तपासले जातात. ते ब्रेक कधी दाबायचे हे ठरवणाऱ्या आपली परीक्षा मात्र काही मिनिटांत उरकते. आणि तिशीच्या आत काढलेलं लायसन्स थेट चाळिशीपर्यंत चालतं! विशीतली ती काही मिनिटं, आणि पुढची वीस वर्षं.

ट्रॅक संपतो, रस्ता सुरू होतो

आमच्या बॅचमधला एक मित्र पहिल्याच झटक्यात पास झाला होता. आठ एकदम सुरेख. त्याच हिवाळ्यात, ऊसतोडीच्या दिवसांत, रात्री गावाकडे जाताना त्याला पुढची ट्रॉली दिसली ती अगदी जवळ आल्यावर. मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. चूक ट्रॉलीवाल्याची होतीच. पण मित्र आजही म्हणतो, “साठला होतो यार. चाळीसला असतो तर थांबलो असतो.” पाय वाचला, वर्ष गेलं.

त्याचं म्हणणं हिशेबाने तपासून बघा. ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे जवळपास ४० मीटर. ४० च्या वेगात हेच सगळं मिळून वीस-बावीस मीटरमध्ये आटपतं. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. म्हणून रात्रीचा नियम एकच : हेडलाइटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग.

आपल्या जिल्ह्यात हे विसरून चालत नाही. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या असतात. गळीत हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या असतात. फाट्यावर एसटीतून उतरून रस्ता ओलांडणारी आजी असते. यातलं काहीच ट्रॅकवर नसतं. नियम १५ मधलं ते वाक्य खरं तर यांच्यासाठीच आहे.

तेव्हा परवा टेस्टला जाल तेव्हा आठ सावकाश काढा. पास झालात की पेढे वाटा. आणि पहिल्यांदा एकटे गावाकडे निघाल, तेव्हा फाट्याच्या अलीकडे एक्सलेटर थोडा सोडून बघा. खरी टेस्ट तिथे असते, आणि तिथे सात दिवसांनी पुन्हा संधी मिळेलच असं नाही.