तेलाला पाणी जोडणारे एंझाइम आणि तारापूरचं सांडपाणी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यांकन केलं, त्यात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ निघाला, देशात सर्वांत जास्त. बोईसरच्या या एमआयडीसीत रंग, औषधं, कापड, पोलाद आणि साबण-शांपूला लागणारी रसायनं तयार होतात. सूर्या नदीचं पाणी आत येतं आणि सामाईक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्राकडे जातं. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली ती याच पाण्यापायी. या प्रश्नावरची बहुतेक चर्चा शेवटच्या पाइपभोवती फिरते: केंद्राची क्षमता किती, पाइप समुद्रात किती आत न्यायचा. ती चर्चा आवश्यकच आहे. पण सांडपाणी जन्माला येतं ते कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरमध्ये, आणि तिथे काय बदलता येईल हे पाहायला मेदाम्लांना पाणी जोडणाऱ्या एंझाइमांइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असणारं ओलिक आम्ल ही अठरा कार्बनची साखळी. तिच्या नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. ओलिएट हायड्रेटेज हा जिवाणूंचा एंझाइम त्या बंधावर पाण्याचा एक रेणू बसवतो, आणि तोही नेमका दहाव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल येईल अशा बेताने. स्यूडोमोनास जातीचा एक जिवाणू हे काम करतो, असं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या वॉलन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवून दिलं; एंझाइमची जनुकासह नीट ओळख पटायला मात्र २००९ साल उजाडलं. त्याला काम करायला एफएडी हा सहघटक लागतो, आणि एकूण क्रियेत ऑक्सिडेशन किंवा क्षपण काहीच होत नसताना तो लागतो, ही यातली खरी चकित करणारी गोष्ट. मोकळी असंपृक्त मेदाम्लं जिवाणूंच्या पटलाला घातक ठरतात. पाणी जोडून त्यांची धार कमी करणं हा जिवाणूंचा स्वसंरक्षणाचा मार्ग असावा, असं मानलं जातं. लॅक्टोबॅसिलस कुळातल्या अनेक जिवाणूंकडे हा एंझाइम आहे, आणि ते लिनोलिक आम्लावरही तो वापरतात. याचं भावंड म्हणजे इपॉक्साइड हायड्रोलेज. ते इपॉक्सी मेदाम्लातलं तीन अणूंचं ताणलेलं कडं पाण्याने उघडतं आणि शेजारशेजारच्या कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल ठेवतं. सोयाबीनच्या रोपात ते सापडतं, आपल्या यकृतातही असतं.

हेच काम रसायनाने करायचं तर तीव्र गंधकाम्ल लागतं. ओलिक आम्लावर ते टाकलं की गंधकाम्लाचा अंश साखळीला चिकटतो आणि पुढे पाण्याने सुटतो. हायड्रॉक्सिल कधी नवव्या, कधी दहाव्या, कधी आणखी पुढच्या कार्बनवर बसतं, त्यामुळे हाती मिश्रण येतं. उरलेलं आम्ल कॉस्टिकने मारलं की त्याचं सोडियम सल्फेट होतं, आणि माझ्या मते मुद्दा इथेच आहे. प्रक्रिया केंद्रातले जिवाणू तेलाचे अवशेष खातात, मेलेल्या पेशी खातात, पण क्षार खात नाहीत. उलट क्षार वाढले की त्यांची स्वतःचीच वाढ मंदावते. समुद्र खारटच आहे, मग थोड्या मिठाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते समुद्राच्या आधी, केंद्राच्या टाकीत. एंझाइमच्या वाटेनेही सांडपाणी निघतंच आणि त्याचा सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, कमी नसतो. पण त्यातला भार मुख्यतः जैविक असतो, म्हणजे ज्या कामासाठी केंद्र बांधलं तेच काम त्याच्या वाट्याला येतं.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचाच आहे. हिशेबाने २८२ ग्रॅम ओलिक आम्लाला १८ ग्रॅम पाणी पुरतं आणि ३०० ग्रॅम हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल मिळतं. प्रत्यक्षात एंझाइम पाण्यातच काम करतो आणि तेल त्यात विरघळत नाही, म्हणून मेदाम्लाच्या कितीतरी पट पाणी भांड्यात घ्यावं लागतं. वर, तयार होणारा पदार्थ घन असतो. भांड्यात पांढरे गोळे धरू लागतात आणि न बदललेलं तेल त्यांच्यात अडकून पडतं, मग शुद्धीकरणाला आणखी द्रावक आणि आणखी धुणं. ज्या सूर्येच्या पाण्यावर जिल्ह्यातले शेतकरी आणि वसई-विरारसारखी शहरं दोघेही हक्क सांगतात, तिथे हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. दुसरा आक्षेप एरंडाचा. शेजारच्या गुजरातेत एरंड अमाप पिकतो, त्याच्या तेलाला हायड्रोजन दिला की बारा-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल मिळतं आणि लिथियम ग्रीसला तेच चालतं. मग दहाव्या कार्बनचा अट्टहास कशाला? ग्रीसपुरतं हे म्हणणं मला मान्य आहे. पण दहाव्या जागेवरच्या हायड्रॉक्सिलमुळे साखळी वेगळ्या ठिकाणी तोडता येते आणि सुगंधी द्रव्यांचे लॅक्टोन किंवा प्लास्टिकची द्विआम्लं यांच्याकडे जाणाऱ्या नव्या वाटा उघडतात. तिसरी गोष्ट, एंझाइम म्हणजे निसर्गाचा, म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडून द्यायला हवा. लिनोलिक आम्लापासून शरीरात होणाऱ्या इपॉक्साइडांना पाणी जोडलं गेलं की बनणारे डायोल, म्हणजे दोन हायड्रॉक्सिलवाले रेणू, पेशींना मूळ पदार्थाहून जास्त विषारी ठरतात, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं आहे. प्रत्येक नव्या उत्पादनाची विषचाचणी म्हणून टाळता येणार नाही.

तेव्हा तारापूरने आपली सगळी तेलरसायनं उद्या एंझाइमवर न्यावीत, असं मी म्हणणार नाही. स्वस्त आणि मोठ्या आकारमानाच्या मालात ते परवडणारही नाही. जिथे एकच शुद्ध रूप लागतं, किंमत चांगली मिळते आणि आम्लाची वाट क्षारांचे ढीग करते, अशा मोजक्या पदार्थांपासून सुरुवात करावी. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेल आणि ओलिओकेमिकल्सचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आणि बोईसर दोन्हींपासून दूर नाही. या संस्थांनी आणि तारापूरच्या उद्योजक संघटनेने एक पदार्थ निवडावा, दोन्ही वाटांनी तो बनवावा आणि किलोमागे किती लिटर पाणी, किती क्षार आणि किती सीओडी निघाला याचे आकडे सातपाटी-नवापूरच्या मच्छीमारांना वाचता येतील असे मराठीत छापावेत.